हिरवी पट्टी आणि तिसरी तार

८ ऑक्टोबर, बुधवार
नशीब उघडलं! मेहुण्याची कंबर धरली. वाईट वाटलं. थोडा वेळ. त्याचं वाद्यांचं दुकान आहे, म्हणून त्या भव्य वाद्य-प्रदर्शनाचा पास दरवर्षी त्याला येतो. यंदा चारही दिवस तो हिरव्या पट्टीचा पास माझ्या गळ्यात! काम एकच: शाळांसाठी चाळीस छोट्या गिटारी कुणाकडून घ्यायच्या ते बघून ये, म्हणाला. बघू.

वीस वर्षं गिटार वाजवतोय. घरात कदर शून्य. मी वाजवायला बसलो की बायको मिक्सर लावते. योगायोग असेल, पण रोज?

संकल्प: या चार दिवसांत एक तरी जाणकार मला ऐकणार.

९ ऑक्टोबर, गुरुवार, सकाळ
रजा टाकायला दुकानात. (चष्म्याचं दुकान. मी नंबर काढतो.) एक आजोबा हटून बसलेले, मला सगळं स्वच्छ दिसतं म्हणून. सर्वात मोठं अक्षर वाचता येईना, तरी ऐकत नाहीत. अशा माणसांपुढे काय डोकं फोडायचं!

दुपारी १. हॉल नंबर चार. गिटारीच गिटारी! जमिनीपासून छतापर्यंत. पहिल्या स्टॉलवर एक घेतली मांडीवर. तारा कुणीतरी मशीनवर लावलेल्या, कानाला खुपत होत्या. मी माझ्या कानाने नीट लावून घेतल्या. ट्यूनर ज्यांना कान नाहीत त्यांच्यासाठी. मग माझी पाच मिनिटांची रचना वाजवली. टायवाला विक्रेता डोळे मिटून ऐकत होता. म्हणाला, सर, असा टच आजवर ऐकला नाही.

दुपारी ४. आणखी सहा स्टॉल. सहाही ठिकाणी वाहवा. मी उठलो की लगेच कुणीतरी ती गिटार अलगद आत नेतं. जपून ठेवत असावेत.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
अकरा स्टॉल! बोटांची सालं निघाली. टायवाला स्वतःहून म्हणाला, रविवारी चार वाजता आमच्या मंचावर वाजवा ना सर. दोनदा विचारलं, खरंच? अर्थात, म्हणाला, आणि दुकानाची ऑर्डर कधी पाठवताय? बोलण्याच्या ओघात निघतात असे विषय.

कोपऱ्यात एक म्हातारा कारागीर बसतो, हाताने गिटारी बनवतो. त्याने मला अर्ध्यातच थांबवलं. म्हणाला, हात चांगला आहे, पण तिसरी तार बरोबर होती, तुम्ही उतरवलीत. मत्सर, दुसरं काय. वर चिमट्यासारखा एक ट्यूनर हातात कोंबला, असू द्या म्हणाला. खपत नसणार बिचाऱ्याचे. हाताबद्दल बोलला ते मात्र खरं आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार
राजीनाम्याच्या दोन ओळी लिहून ठेवल्या. तारीख तेवढी घालायची. बायकोला म्हटलं, उद्या मंचासमोर पहिल्या रांगेत बस. म्हणाली, घरी ऐकतेच की. चाळीस गिटारींचं राहिलंच. उद्या.

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ३.४०
पासाची कडी गिटारीवर घासते. मंचावर ओरखडा नको, म्हणून पास काढून खिशात. हिरवी पट्टी शर्टाला शोभत होती खरी, पण कलावंताला पट्टी कशाला?

४.०० टायवाल्याने ओळखलं नाही. जरा आटपा, मागे लोक उभे आहेत, म्हणाला. मंचाची आठवण दिली. कुठला मंच, म्हणाला. दिवसभर उभं राहून माणसाचं डोकं चालत नाही.

४.२० शेजारचा स्टॉल. खुंट्या का पिळताय म्हणून हातातून गिटार काढून घेतली. परवा इथेच दोघे टाळ्या वाजवत होते.

४.४५ गर्दी फार. हवा कोंदट. निघालो.

१३ ऑक्टोबर, सोमवार
पास परत केला. मेहुणा पडल्या पडल्या म्हणाला, हिरवी पट्टी म्हणजे घाऊक माल घेणारा दुकानदार. ती गळ्यात असली की मी शिंकलो तरी वा वा करतात. एवढा हसला की कंबरेत कळ आली. बरं झालं. चाळीस गिटारींचं विचारलं. म्हटलं, कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याला विचार. का, ते सांगितलं नाही.

संध्याकाळी ६. म्हाताऱ्याला खोटं पाडायला तो चिमटा माझ्या गिटारीला लावला. तिसऱ्या तारेवर काटा डावीकडे पडून राहिला, म्हणजे सूर उतरलेला. सेल काढून परत घातला. तसाच. खुंटी थोडी पिळली, थोडी आणखी. काटा मधोमध आला.

माझी रचना वाजवली. मलाच ओळखू येईना. वीस वर्षं काय वाजवत होतो मी? तरी थांबलो नाही. पुरी पाच मिनिटं वाजवली. मिक्सर लागला नाही.

बायकोने आतून विचारलं, कोण आलंय, किती छान वाजवतंय, चहा टाकू का?

म्हटलं, कुणी नाही. आपल्या दोघांचाच टाक.