परतीच्या ओळी

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघी ठीक आहोत. तुम्हीही सगळे ठीक असाल असं धरून चालते. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, माझं म्हणणं नंतर.

१. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका प्रयोगशाळेतल्या बाईंनी कळवलं, की सूक्ष्मदर्शकाच्या आपल्या सॉफ्टवेअरमधून निघालेल्या चित्रांत झूम वाढवला की बारीक मज्जातंतूंच्या कडा दुहेरी दिसतात.
२. मी त्यांची मूळ चित्रं मागवून घेतली. त्यांचं म्हणणं खरं निघालं.
३. त्यांनी नमुन्याची तीच काच काटकोनात फिरवून पुन्हा चित्र घेतलं. दुसरी कड गेली.
४. दोष सापडला आहे. शनिवारी सकाळी दुरुस्त आवृत्ती आणि दोषाची सूचना जाहीर होईल.
५. तुझं संशोधन दुहेरी कडेवर उभं आहे.

पाचवी गोष्ट ‘घडलेली’ नाही हे मला कळतं. तरी तिची जागा तीच आहे.

तुला माहीत असलेलंच पुन्हा लिहिते, कारण घोटाळा तिथेच आहे. लेझरचा ठिपका नमुन्यावरून डावीकडून उजवीकडे जाताना एक ओळ टिपतो, परत येताना दुसरी. रंगारी भिंतीवर जाता-येता ब्रश फिरवतो तसं. ठिपका हलवणारा आरसा परतताना किंचित मागे राहतो, म्हणून परतीच्या ओळी तेवढ्याच सरकवून घ्याव्या लागतात. किती सरकवायच्या, ते आपलं सॉफ्टवेअर सुरुवातीला एकदा मोजतं. झूम बदलल्यावर ते पुन्हा मोजायला हवं. ते मोजत नाही. मग जातानाच्या ओळींत कड एका जागी आणि परतीच्या ओळींत तिच्या शेजारी, आणि शेवटी चित्र गुळगुळीत करताना त्यांच्या दोन छान समांतर कडा तयार होतात. काच काटकोनात फिरवली की कड ओळींच्याच दिशेने जाते, मग ओळी सरकलेल्या असल्या तरी ती दुहेरी दिसत नाही. निरोगी तंतू जाड असतात, त्यांच्यासाठी कुणी झूम वाढवत नाही. आजारी तंतू बारीक, त्यांच्यासाठी सगळेच वाढवतात. म्हणून तुला दुहेरी कड फक्त आजारी माणसांत सापडली, आणि आजारात तंतूच्या आवरणाचे पदर सुटतात असं तू लिहिलंस. ती चित्रं बघून मीही तेच लिहिलं असतं.

सॉफ्टवेअरमधली सदोष ओळ कोणी लिहिली ते नोंदीत कुणालाही दिसतं, पण त्यावरून कुणाला बोलायचं नाही ही आपली रीत. दोषाची झळ ज्याला बसणार त्याला जगाच्या आधी कळवायचं, ही दुसरी. दोन्ही तूच घालून दिल्यास. कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चिडून तू माझ्याकडे आली होतीस. ‘आत चित्राचं काय करतं ते दाखवत नाही, आणि म्हणे विश्वास ठेवा. तू लिही. उघडं लिही. कुणालाही वाचून शिव्या घालता आल्या पाहिजेत.’ मी तसंच लिहिलं.

फोनवर मी तुला एवढंच विचारलं होतं, की तुझी चित्रं कोणत्या झूमला घेतली आहेत. तू म्हणालीस, ‘आता तू माझी परीक्षा घेणार? मी पुढे गेले की तुझ्या पोटात दुखतं, ते काही आजचं नाही.’ त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. मी त्यावर विचार केला. थोडं दुखत असेलही. पण माझ्या पोटदुखीने काच फिरवल्यावर कड नाहीशी होत नाही.

आता आई.

वर ‘ठीक आहोत’ लिहिलं ते पूर्ण नाही. परवा हीटरला पाय टेकवून ती पेपर वाचत बसली होती. वास आला म्हणून मी धावले. तिला पत्ताच नव्हता. म्हणाली, ‘अगं, मोजा जळाला, मी कुठे जळले?’ टाचेला मोठा फोड आहे. ड्रेसिंग मी करते. तुला कळवू नको असं तिने बजावलं आहे, म्हणून कळवते आहे.

तुझ्या नव्या औषधाच्या चाचणीत येण्यासाठी तिला येत्या सोमवारपासून जुन्या गोळ्या बंद करायच्या आहेत. तिच्यासारख्याच इतर रुग्णांनाही. त्या गोळ्यांनी आजार थांबत नाही, पण त्याचा वेग कमी होतो. नवं औषध सुटलेले पदर जोडतं. पदर सुटलेच नसतील, तर ते काय जोडणार?

मी तिला विचारलं, ‘गोळ्या आणखी थोडे दिवस चालू ठेवूया का?’

‘का बरं? तुझ्या बहिणीने सांगितलंय ना? ती माझ्या पायांची डॉक्टर, तू तिच्या मशीनची. जा, मशीनला दे गोळ्या.’

आणि स्वतःच हसत बसली. तुझा छापलेला लेख तिच्या उशाशी असतो. त्यातलं अक्षरही कळत नाही, पण एक चित्र आपलं आहे एवढं तिला ठाऊक आहे. शेजारच्या काकू आल्या की उघडून दाखवते. ‘ह्या बघा दोन रेघा. माझ्या पायातल्या. थोरलीने शोधल्या.’ काकू चष्मा लावून बघतात आणि ‘अगदी स्पष्ट आहेत हो’ म्हणतात. मी तोवर चहा करते.

तिला मी काहीच सांगितलेलं नाही. मी सांगितलं तर एक तर ती ऐकणार नाही. किंवा ऐकेल, आणि मग तुझ्याकडे आज बघते तसं बघणार नाही. मला दोन्ही नको आहे.

तुझी बाकीची चित्रं तपासायला वेळ लागेल, ते मागाहून. आईच्या नमुन्याची काच तुझ्या कपाटात आहे. ती काढ, काटकोनात फिरव आणि त्याच झूमला चित्र घे. अर्ध्या तासाचं काम आहे. दोन कडा राहिल्या, तर तुझ्याबाबतीत मी चुकले, आणि सूचनेत तसं माझ्या नावाने लिहीन. तसं झालं तर मला किती बरं वाटेल, हे मी एरवी कामाच्या पत्रात लिहीत नाही.

एकच राहिली, तर चाचणी थांबवायला तू सांग. माझी सूचना निघण्याआधी, स्वतःहून. तपासणारी म्हणून सूचनेत तुझं नाव पहिलं राहील. आणि आईला तू सांग. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसेन.

तू काही कळवलं नाहीस तरी शनिवारी सूचना निघेल, आणि पुढच्या सोमवारी मी गोळी आईच्या हातावर ठेवीन. तिने फेकली तर दुसरी ठेवीन.

फोन तू घेत नाहीस आणि मेल तुझ्या विभागात चौघं वाचतात, म्हणून हे पाकीट तुमच्या दरवानाकडे देऊन जाते आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत उत्तर दे. बोलायचं नसेल तर एक शब्द लिहून पाठव, ‘एक’ किंवा ‘दोन’.

तुझीच,
धाकटी