सहादेवचा ओटा

खर्डा, १९७४

राधाकृष्ण भावजींना वहिनीचे आशीर्वाद.

रागावू नका, पण मला तुमचा संशय येतोय. आधी यांचा येत होता. लंडनला तुम्ही यांच्या हृदयाचं ऑपरेशन करवलंत, त्याला दोन वर्षं झाली. हल्ली हे मळ्यात जाताना चढावर सहादेवच्या ओट्यावर बसतात. बांधावरून ज्या चुलतभावाशी बोलणं बंद, त्याच्या ओट्यावर! मला वाटलं, माझ्या पाठीमागं जमिनीचा काही सौदा चाललाय. काल सहादेवलाच गाठलं.

तो म्हणाला, "वैनी, बोलत न्हाई त्यो. घाम पुसतो, छाती चोळतो, दम खातो आन उठतो."

घरी विचारलं तर हे म्हणाले, "कुठं काय? लई बरं हाय."

यांना सोडायला आलात तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, की दोन रक्तवाहिन्यांना पायातली शीर जोडून नवी वाट काढली, तिसरी अर्धीच अरुंद, म्हणून तिला हात लावला नाही. ती पुढं आणखी बुजेल का, असं मी विचारलं. तुम्ही यांच्याकडं बघितलंत आणि यांनी चहा मागितला. दोघांना ठाऊक होतं ना?

पत्र टपालात टाकायला यांच्याच हाती द्यावं लागेल, म्हणून तूर्त ते पिठाच्या डब्यामागं ठेवते.

आज सकाळी बघितलं, तर सहादेवनं ओट्यावर घोंगडी अंथरून ठेवली होती. वैऱ्याला कळलं, भावजी. मला कधी सांगणार होतात?

तुमची वहिनी,
चांगुणा