शेतातला फोन

मंगळवार, संध्याकाळ. जानेफळ.

मोबाइलवर रडारचं चित्र पाहिलं. लाल पट्टा मेहकरकडून आमच्याकडे सरकतोय, आणि संतोष शेतात मका झाकायला गेलाय. फोन लावू की नको? त्याचे बाबा विजेनं गेले तेव्हा त्यांच्या खिशात फोन होता. फोननंच वीज ओढली, असं सगळे म्हणाले. तसं नसतं, हे मी नंतर वाचलं. शेवटी लावला.

"भिऊ नको माय, निंबाखाली उभा आहो. भिजून नाही राह्यलो."

"अबे, झाडाखाली काऊन? नीघ, घरी ये."

"हाव, निघालो."

मग गडगडलं. फोन त्यानं ठेवला की कट झाला? गाडीचा आवाज येईपर्यंत लिहीत बसते. नाहीतर तो गाडीवर असतानाच पुन्हा फोन लावीन.