दुसऱ्या कडव्याआधीचा श्वास

रविवार. जेवावंसं वाटलं नाही.

ज्या बँडची कॅसेट मी आणि नीलूने लहानपणी घासून संपवली, तो आज शेवटी मेळ्यात प्रत्यक्ष पाहिला. पाहायला नको होता.

आमच्या आवडत्या गाण्यात दुसऱ्या कडव्याआधी गायक जोरात श्वास घेतो. जयेंद्रगंजच्या घरात आम्ही बहीणभाऊ तो श्वाससुद्धा त्याच्याबरोबर घ्यायचो. आज ती जागा आली आणि नीलूने सवयीने श्वास घेतला. स्पीकरमधूनही तोच आला, तस्साच. गायक मात्र तेव्हा माइक खाली धरून रुमालाने तोंड पुसत होता.

म्हणजे जुनं रेकॉर्डिंगच लावलं होतं. शेवटी तो माइकमध्ये 'शुक्रिया ग्वालियर' म्हणाला, तर घशातून नुसती खरखर आली. आवाज गेलाय त्याचा. पोटासाठी उभा राहिला असेल. मग मला राग कशाचा येतोय?

तो श्वास डोक्यातून जात नाही. धडधाकट माणसाचा श्वास होता तो.

नीलूने पाहिलं असेल का? ऑटोत थाटीपुर आल्यावर ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "दादा, आवाज एकदम तसाच आहे ना अजून?"

मी म्हटलं, "हो. अगदी कॅसेटसारखा."

तिने मान वळवली आणि बाहेर बघत राहिली.