एका क्लिकला एक थेंब

सर, तुम्ही गेल्यापासून मी तुमच्याशी मनातच बोलत आले, लिहायला कधी बसले नाही. आज बसले, कारण प्रयोगशाळेत शिरलं की तुम्ही खिडकीपाशी उभे असता. नळ सगळे बंद असतात, आणि तरी कुठेतरी थेंब पडत असतो.

आपल्या यवतमाळच्या कॉलेजात रसायनशास्त्राचे प्रयोग मुली आता कॉम्प्युटरवर करतात. पडद्यावर ब्युरेट असतं, खाली चावी असलेली ती उभी काचेची नळी. एकदा क्लिक केलं की एकच थेंब. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. खरं सांगते, मला ते आवडलं होतं. मुली न घाबरता शिकत होत्या. आर्णीकडच्या तांड्यावरून येणारी एक मुलगी तर सगळ्यांच्या पुढे. वर्षभर खरी काच कोणाच्या हाती आली नाही, आणि जर्नलमध्ये ‘प्रयोगशाळेत केले’ याखाली मी सह्या करत गेले.

परीक्षेत तिनं खऱ्या ब्युरेटची चावी फिरवली आणि हात काढून घेतला. थेंब पडून आपोआप थांबेल म्हणून ती शांतपणे पाहत राहिली. फिकट गुलाबीवर थांबायचं होतं, फ्लास्क गर्द गुलाबी झाला. “मॅडम, म्या तं एकदाच फिरवलं, हे थांबूनच नाही राह्यलं!” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, “हिनं हा प्रयोग केलाय ना?” मी म्हणाले, “हो. जर्नल पाहा.” ती माझ्याकडे बघत होती. नापास झाली.

तुमच्या वर्गात शिकत असताना शेजारणीचं रीडिंग मी उतरवून आणलं होतं, आठवतं? तुम्ही पानावर आडवी रेघ मारलीत. “कॉन्व्हेंटची बाई, अक्षर लय छान आहे वं तुयं. पण मी पाह्यल्याशिवाय सही करत नसतो.” मग सगळ्या गेल्या, आणि रंग नीट दिसावा म्हणून तुम्ही फ्लास्कखाली पांढरी टाइल सरकवता, तुमचा जेवणाचा डबा तसाच टेबलावर, माझा डावा हात चावीवर. “घाई कायले करतं? थेंबाले त्याचा येळ घेऊ दे.”

आता ती मुलगी रोज वर्ग सुटल्यावर येते. मी टाइल सरकवते. काल तिचा रंग अगदी फिकट आला. “जमलं न, मॅडम?” तिनं विचारलं, आणि मी खिडकीकडे पाहिलं.

चूक तिची नव्हती, माझी सही खोटी होती, असं विद्यापीठाला लिहिलेलं पत्र ड्रॉवरमध्ये पडून आहे. तुम्हाला लिहिलेलं हे पत्र पाठवायला पत्ता नाही, सर. ड्रॉवरमधल्या पत्रावर आहे.