फरशी खुली आहे

४ जून
आले एकदाची! खिडकीतून थेट समुद्र, टेबल माझं एकटीचं, आणि बेटावर सामान नेणारी व्हॅन चालवतो माझाच दादा. तोच सोडायला आला. वहिनीने माझ्यासाठी दिलेला डबा वाटेत त्यानेच अर्धा संपवला. काम सोपं वाटतंय. बेटाकडे जाणारी फरशी, म्हणजे खाडीतला बसका रस्ता, भरतीला पाण्याखाली जाते. ती खुली की बंद, हे रेडिओच्या मनोऱ्यावरून सगळ्या गाड्यांच्या हँडसेटवर पाठवायचं. मग पाळीपाळीने वाऱ्याची बातमी, धुक्याची, बोटीच्या धक्क्याची, की परत फरशीची. कोणत्या हँडसेटवर काय दिसतंय तेही माझ्या स्क्रीनवर कळतं.

७ जून
कसलं डोंबलाचं सोपं! बॅटरी वाचवायला हे हँडसेट मधूनमधून झोपतात. 'बंद' जातं तेव्हा निम्मे घोरत असतात आणि जागे झाल्यावर जुनंच 'खुली' दाखवतात. ड्रायव्हर शिव्या मला घालतात. दादासुद्धा म्हणाला, तुझ्या बातमीपेक्षा काचेतून बघितलेलं बरं. फार लागलं मला ते.

११ जून
तोडगा काढला. जागा झालेला हँडसेट आता मनोऱ्यावरून फरशीची पाळी परत येईपर्यंत ताटकळणार नाही. सगळ्यात जवळच्या गाडीला विचारेल आणि तिच्याकडची ताजी बातमी घेईल. साहेब खूश. मनोरा सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी मात्र तोंड वाकडं केलं. फरशीवर जवळ कोण असेल, याचा विचार केलास का, म्हणे. यांना प्रत्येक गोष्टीत खोड काढायची सवयच आहे.

१४ जून
सात नंबरच्या गाडीचा हँडसेट डोकं खातोय. काहीही पाठवा, त्याच्यावर 'खुली'च. वेळ मात्र आत्ताची. पुसून पुसून थकले. साहेब म्हणाले, आपल्याकडे सात नंबरच नाही. शेवटी मिस्त्रींना विचारलं. ती व्हॅन दोन वर्षांपूर्वी भरतीत फरशीवरून वाहून गेली. ड्रायव्हर सापडला नाही, गाडीही नाही.
इतकी वर्षं बॅटरी टिकते कुठे?

१५ जून
माझा तोडगा काढून टाकायला गेले. निघत नाही. हँडसेट मनोऱ्याचं ऐकेनातच — एकमेकांचंच ऐकतात. त्यांच्या लेखी सात नंबरची बातमी जास्त ताजी. दादाला बजावलं, हँडसेट बघू नकोस. हो म्हणाला. पण धुक्यात दुसरं बघणार काय—

१६ जून
भर दुपारी धुकं. भरती चढलीय. 'बंद' पाठवतेय, पाठवतेय—

दादाचा फोन. वैतागलाय, उगाच घाबरवतेस म्हणे. "फरशी खुली आहे गं. पुढे एक व्हॅन चाललीय ना, दिवे लावून." तिचा नंबर विचारला. त्याने वाचायला सुरुवात केली आणि — नुसता पाण्याचा आवाज—

मनोऱ्याची वीज तोडली. तरी स्क्रीनवर सात नंबर. त्याच्यामागे दादाचा. 'खुली'. वेळ आत्ताची.

वहिनीचा फोन. दुसऱ्या ड्रायव्हरला घेऊन त्याला शोधायला निघालीय. नको म्हणतेय मी, ऐकतच नाही—

त्यांच्या गाडीतला हँडसेट जागा झाला. जवळच्याला विचारतोय. दादा सांगतोय, फरशी खु