मडक्यावरचा दगड

बाबा, आज नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा रविवार. फादर महिन्यातून एकदाच चांद्याहून येतात. बाकीच्या रविवारी आपली सहा घरं अजूनही आपल्याच ओसरीत जमतात, आणि तुमच्या जागी बसून मी वाचते. आज पौलाचं पत्र होतं, ख्रिस्ताने आपल्याला जवळ केलं तसं एकमेकांना जवळ करा असं सांगणारं. त्यानंतर तुरुंगातला योहान. ज्या येशूसाठी आयुष्य घालवलं त्यालाच तो निरोप धाडून विचारतो, येणारा तो तूच ना, की आम्ही आणखी कोणाची वाट पाहायची? इथे माझा आवाज दरवर्षी अडखळतो.

वाचायला तुम्हीच शिकवलंत. मला शाळा नव्हती. अंगणात वाळत घातलेल्या धानावर तुम्ही बोटाने अक्षर काढायचात, मी ते गिरवायचे, आणि कोंबड्या येऊन विस्कटून टाकायच्या. पुढे मी भरभर वाचू लागले तेव्हा तुम्ही रागावलात. "धावू नको, माय. आयकणारा पायी चालून राह्यला." ओसरीच्या पायरीवर शेजारची काकू बसलेली असायची, तळ्यावर मासे धरणाऱ्या घरची. ती आपल्या धर्माची नव्हती, पण आगमनकाळातला एकही रविवार चुकवत नसे. "मास्तर, तुमचा देव दर साली येते येते म्हनता. वाटेत चिखलात फसला का जी?" तुम्ही हसून म्हणायचात, "म्हनूनच तं तुले बसवलं, बाई. वाट पाहाले सोबत पायजे."

फादर यायच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही पाण्याच्या मडक्यावर झाकण घालून वर दगड ठेवायचात. मध्यरात्रीनंतर पाण्याचा थेंब जरी पोटात गेला तरी ख्रिस्तप्रसाद घेता येत नसे. झोपेत कोणाचा हात जाऊ नये, म्हणून तो दगड.

मी पंधरा वर्षांची होते. आई आधीच गेली होती. तुमचा ताप उतरेना, तेव्हा फादरांना आणायला माणूस सायकलने गेला आणि मी मडक्यावर दगड ठेवला. सकाळी तुम्ही म्हणता, "माय, पाणी दे." मी म्हणते, "बाबा, फादर येऊनच राह्यले, थांबा ना." थोड्या वेळाने तुम्ही पुन्हा मागता. काकू आपल्या घरून लोटा भरून आणते. "अवं पोरी, त्याची जीभ लाकडावानी झाली. घोटभर पाजलं तं तुया देव काऊन रागावते?" मी दारात आडवी उभी राहते. माझ्या हातून तुमचा प्रसाद चुकू नये, एवढंच माझ्या डोक्यात. तुम्ही तिसऱ्यांदा मागत नाही.

दुपारी फादर आले. प्रसाद तुम्हाला गिळता आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच म्हटलं, "बेटी, मरणाऱ्याला उपास नसतो." हे तुम्ही मला शिकवलं नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. आता तर नियमच बदलला आहे. पाण्याने उपास मोडत नाही असं फादरांनी सांगितलं, त्या दिवशी मी मिस्सा, फादरांची ती उपासना, अर्धी सोडून बाहेर आले.

पापनिवेदनात मी हे सांगितलं. अजाणतेपणी झालं, त्यात पाप नाही, असं फादर म्हणाले. पण ओसरीत वेगळीच गोष्ट चालते. आजही वाचन संपल्यावर एक म्हातारे भाऊ आपल्या नव्या सुनेला सांगत होते, "मास्तरनं मरतानी पानी नाई घेतलं, पन उपास नाई मोडला. याले म्हनते विश्वास." मग माझ्याकडे वळून, "नाई का वं बाई?" पायरीवरून काकू बघत होती. नऊ वर्षं तिने कोणाला काही सांगितलेलं नाही. मी म्हटलं, "हो, भाऊ."

हा कागद उद्या चुलीत जाईल. खरं सांगितलं तर हे लोक मला क्षमा करतीलच, त्यांच्या रागाची भीती नाही. पण मग तुम्ही पाण्यावाचून गेलात, एवढंच उरेल. त्यांच्या तोंडून ती गोष्ट ऐकताना, बाबा, घटकाभर मलाही ती खरी वाटते.